भिंतीपलीकडून हूं नाही की चूं नाही

माझं तोंड खेकसायला बनलंय, आभार मानायला नाही. सगळी हयात लोकांच्या घरांत गवती चटया बसवण्यात गेली. चटई नीट बसली नाही तर चटईला शिव्या द्यायच्या, बसली तर पुढचं घर गाठायचं. आभारबिभार मानायला सवड कुणाला होती?

पण गेल्या महिन्यात मासळीवाल्याची बायको बातमी घेऊन आली. शाळेची बस चालवणाऱ्या कुवाहारानं माझ्या सुनेला, नात्सुएला, लग्नाचं विचारलं म्हणे. माणूस सरळ आहे, दारूपासून चार हात लांब. आणि आमच्या बाईसाहेबांनी उत्तर काय दिलं? "घरी बाबा आहेत, मला नाही जमायचं."

बाबा म्हणजे मी! डोकंच फिरलं माझं. माझा मुलगा मासातो आजारात गेला. त्याच्या मागोमाग मी पडलो आणि कंबरेचं हाड मोडून घेतलं. तेव्हा ह्या पोरीनं पोस्टातली नोकरी सांभाळून माझं हगणं-मुतणं काढलं, कधी कपाळाला आठी नाही. आता मी चांगला हिंडता-फिरता झालो, आणि माझं नाव पुढं करून हिनं आपल्या आयुष्यावर पाणी सोडायचं?

हे तिला सांगायचं होतं, आणि आजवरचे आभारही मानायचे होते. पण घरी जमेना. तोंड उघडलं की "आज सूप खारट झालंय" एवढंच बाहेर पडायचं. शेवटी म्हटलं, चल, युनोसावाच्या गरम झऱ्यावर एक रात्र राहून येऊ.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बाबा, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"का? म्हाताऱ्यानं अंग शेकायचं नाही?"

पोचलो तर डोंगर बर्फानं पांढरा झालेला. सरायीच्या मालकीणबाईंनी दारातच वाकून स्वागत केलं, खोलीत चहा आला, सुती झगे आले. चहा संपताच नात्सुए म्हणाली, "मी कुंडावर जाऊन येते," आणि टॉवेल घेऊन निघाली. पाठोपाठ मीही निघालो.

बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. मध्ये बांबूची भिंत, पण वरून मोकळी. आमच्याकडचे नवरे त्या भिंतीवरून हाक देतात, "अगं, निघतोय मी!" आणि पलीकडून "आले, आले!" येतं. बायको हयात होती तेव्हा मीही असाच बोंबलायचो. अंग धुऊन पाण्यात उतरलो. माझ्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं. मनात आलं, भिंतीआडून बोललं तर काय हरकत आहे? ना तिचं तोंड दिसणार, ना माझं.

"ए नात्सुए!"

पलीकडून हूं नाही की चूं नाही. ती तशी घुमीच आहे, म्हणून मी आपला सुरू झालो.

"ऐक, मध्ये बोलू नकोस. त्या कुवाहाराला हो म्हण. माझं निमित्त सांगू नकोस, माझा भात मला शिजवता येतो. तू माझं जे केलंस ना, ते पोटच्या पोरानंसुद्धा केलं नसतं. तू नसतीस तर मी त्या अंथरुणातच कुजून मेलो असतो. आणि मी? मी सूप खारट म्हणत राहिलो. फार केलंस गं पोरी. फार फार आभार तुझे. झालं, बोललो."

मग कुणीतरी नाक शिंकरलं, आणि एक पोक्त आवाज आला.

"आजोबा, इथं नात्सुए कुणी नाही हो! आम्ही फळबागेतल्या बायका, सहलीला आलोय. पण बोललात मात्र छान."

"माझ्या सासऱ्याला आणायला हवं होतं ऐकायला!" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

अरे देवा! मी नाकापर्यंत पाण्यात गेलो.

"आता तोंडावर सांगा तिला," पहिली म्हणाली, "नाहीतर आम्ही येतो सांगायला!"

"तुमचं काम बघा!" मी ओरडलो आणि पळालो.

नात्सुए मागाहून खोलीत आली तेव्हा विचारलं, "कुठं होतीस?" तर म्हणे, "बाहेर बर्फ बघत होते." जेवताना चारदा तोंड उघडलं. दर वेळी दार सरकवून वाढणारी बाई नवी थाळी घेऊन हजर. मासा झाला, सलगम झाला, भात झाला. शेवटी मी सलगमाचं कौतुक केलं आणि झोपलो.

सकाळी नाश्त्याला तिनं माझ्या भातावर अंडं फोडून दिलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि सगळं बोललो. अडखळत, अर्धं विसरत, त्या अंड्याकडे बघत. शेवटी मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "तुझ्यामुळे जगलो मी."

तिनंही आपल्या काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "काल जास्त चांगलं बोलला होतात."

"काल?"

"मी तिथंच होते, बाबा. रडू आवरेना, आवाज फुटेना. मीच त्या मावशींना खूण केली, नाही म्हणा म्हणून. मी ऐकलंय हे कळलं असतं, तर तुम्ही परत कधी बोलला नसतात. मला एकदा तोंडावर ऐकायचं होतं."

"लबाड बायका!" मी म्हणालो, पण आवाजच चढेना.

"आता माझं ऐका. माझे आईवडील राहिले नाहीत. कुवाहारांना हो म्हणते, पण नवरी म्हणून निघेन ती तुमच्या घरातून. वडिलांच्या जागेवर तुम्ही बसायचं. कबूल असेल तर सांगा."

मी बसायची उशी बाजूला सारली, दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि माझ्या सुनेपुढे कपाळ टेकेपर्यंत वाकलो.

"मला मुलगी नव्हती," मी म्हणालो. "ह्या वयात झाली. आभारी आहे, पोरी."

"उठा, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "भात निवतोय."