डीकनच्या पाठीचे खोगीर

१९९४ सालच्या सप्टेंबर महिन्याची चोवीस तारीख, शनिवार, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. लिओटा ब्रँडवोल्डने डीकनच्या पाठीवरून खोगीर उतरवले, त्याखालचा जाड लोकरीचा नमदा उचलला आणि डाग मोजले. दोन होते. दोन्ही खांद्यांच्या मागे एकेक, तळहाताएवढा आणि पूर्ण कोरडा. बाकी सारी पाठ घामाने निथळत होती.

तिने कोरड्या जागेवर बोट टेकवले. डीकनने कान मागे पाडले आणि अंग आखडून घेतले. ज्या जागी लाकूड वाजवीपेक्षा जास्त रुतते, त्या जागी घाम फुटत नाही. आणि ज्या जागी ते टेकतच नाही, तीही कोरडी राहते. खोगिराच्या चामड्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, आणि घोड्याचे व त्याचे जमले नाही तर वर कितीही लोकर लावा, उपयोग होत नाही. हे खोगीर लिओटाच्या जुन्या घोडीचे होते. घोडी उंच खांद्यांची आणि अरुंद पाठीची होती. गेल्या हिवाळ्यात ती गेली. डीकनची पाठ जेवणाच्या टेबलासारखी रुंद आणि सपाट. जूनमध्ये वासरांना मालकाच्या खुणेचा डाग देण्याच्या दिवशी त्याने पाठीची कमान करून तिला सर्व शेजाऱ्यांच्या देखत खाली टाकले होते.

तेव्हा गार्थ नेलंडने तिला हात देऊन उठवले होते. गार्थ सगळ्या शेजाऱ्यांच्या गुरांचा कारभार बघे. "लिओटा, या वेळी गुरं उतरवताना जेवणाची पिकअप तुम्ही चालवा," तो म्हणाला होता. "तुमच्या हातच्या सँडविचशिवाय आमचं पान हलतंय का कुठं?" सगळे हसले होते. लिओटाही हसली होती.

बोलण्यात कपट नव्हते, आणि म्हणूनच तिला भीती वाटली. आर्ट फॉसम गुडघा दुखतो म्हणून एका वर्षापुरता त्या पिकअपमध्ये बसला होता. त्याच्यानंतर फॉसमची बहीण बसली. त्या पिकअपमध्ये बसलेला माणूस पुन्हा घोड्यावर दिसला, असे या खोऱ्यात कधी घडले नव्हते. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला डोंगरातल्या सामाईक कुरणातून सगळ्यांची गुरे खाली यायची होती. त्यानंतर बर्फ पडला की लिओटाच्या रस्त्याने वसंतापर्यंत टपालाच्या गाडीखेरीज कोणी येत नसे. तिचा नवरा हार्लन जाऊन चार वर्षे झाली होती. वर्षभरात या एकाच दिवशी कोणाला तरी तिची गरज भासे. तो दिवस तिला खिडकीतून सँडविच वाटण्यात घालवायचा नव्हता.

लिओटा तांत्रिक महाविद्यालयात आरेखन शिकलेली होती आणि अठ्ठावीस वर्षे जिल्ह्याच्या रस्ते कचेरीत तिने नकाशे आखले होते. तिने तांब्याची जाड तार डीकनच्या पाठीवर तीन ठिकाणी दाबून वाकवली, तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवला आणि पुठ्ठे कात्रीने कापले. पुढच्या मंगळवारी घोडा ट्रेलरमध्ये चढवून ती अँसेल प्रुएटकडे गेली.

प्रुएट अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपात त्याचे जुन्या खोगिरांचे दुकान होते. मिशी पिवळी पडलेली, अंगठे चामड्याच्या रंगाचे. त्याने पुठ्ठ्यांकडे नुसते पाहिले.

"पुठ्ठ्याचा घोडा छान उभा राहतो, मिसेस ब्रँडवोल्ड. चालत नाही."

"खऱ्यालाही आणलंय. बाहेर आहे."

"मग आधी त्याच्याशी बोलू द्या."

त्याने डोळे मिटून डीकनच्या पाठीवरून दोन्ही तळवे सावकाश फिरवले, इतका वेळ की घोडा जांभई देऊ लागला. मग दुकानात जाऊन त्याने एक खोगीर आणले आणि नमद्याशिवाय उघड्या पाठीवर ठेवले. लिओटाने पुढून हात घालून पाहिला.

"इथं जरा आवळतंय."

"थंड घोड्यावर कळत नाही. घेऊन जा, चांगला घाम काढा, आणि मग मला येऊन सांगा. नाही जमलं तर परत आणा. कॉफी?"

तिला निघायचे होते. पण कॉफी आधीच ओतलेली होती. मागच्या खोलीचे दार तिने ढकलू पाहिले तेव्हा तो म्हणाला, "तिकडं नको, फरशी खचलीय." मग वाऱ्याबद्दल, गवताबद्दल, त्याच्या मुलाबद्दल बोलणे झाले. मुलगा सिअॅटलला असे आणि नाताळाला फोन करी.

ते खोगीर जमले नाही. डाग पुन्हा खांद्यांमागेच उमटले, थोडे लहान. दुसऱ्या आठवड्यात प्रुएटने दुसरे दिले. ते पुढे आणि मागे टेके. मध्ये पुलासारखे अधांतरी राही. लिओटाने अर्ध्या मैलातच उतरून नमद्याखाली हात घातला, मधला भाग कोरडा लागला, आणि तिने डीकनला हाताने धरून घरी चालवत नेले.

त्या वेळी तिला राग यायला हवा होता. दिवस भराभर सरत होते. परंतु स्वयंपाकघरात हात धुताना आपल्याला पुन्हा प्रुएटकडे जावे लागणार, हा विचार तिच्या मनात आला आणि तो विचार तिला वाईट वाटला नाही. तिने त्याकडे दुर्लक्ष केले.

अकरा ऑक्टोबरला, मंगळवारी, तिने इस्त्रीचा निळा शर्ट घातला. निघताना रानचेरीच्या मुरंब्याची एक बरणी आपल्या पिकअपच्या आसनावर ठेवली. माणूस दोनदा कॉफी पाजतो, तेव्हा रिकाम्या हाताने जाणे बरे नव्हे, असे तिने स्वतःला समजावले.

दुकानाचे दार उघडे होते. शेगडीवर कॉफीचे भांडे कोमट होते. प्रुएट नव्हता, टपाल आणायला गेला असावा. लिओटाने हातातले खोगीर घोडीवर टांगले, म्हणजे खोगिरे ठेवायच्या लाकडी चौकटीवर, आणि हाक मारली. उत्तर आले नाही. म्हातारा मागे पडलाबिडला तर नसेल, अशा शंकेने तिने मागच्या खोलीचे दार ढकलले.

फरशी एका कोपऱ्यात बोटभर खाली गेली होती. बाकी सगळी घट्ट होती. मधोमध, खिडकीच्या उजेडात, एकच खोगीर उभे होते. चामडे नुकते तेल पाजलेले, खालची लोकर विंचरलेली, तंगाचा पट्टा नवा. लिओटाची नजर पाय ठेवायच्या रिकिबींवर गेली. त्या फार वर होत्या. सवयीने तिने बोटांची टोके खोगिराच्या बैठकीशी टेकवली आणि रिकीब हाताबरोबर काखेपर्यंत ओढली. रिकीब बरोबर काखेत बसली. लिओटाची उंची पाच फूट एक इंच होती. या जिल्ह्यात त्या मापाची रिकीब दुसऱ्या कोणी लावून घेतली नसती.

तिने पिकअपमधून पुठ्ठे आणले आणि खोगीर उलटे करून तिन्ही ठिकाणी लावून पाहिले. पुठ्ठा आणि लाकूड यांच्यामधून कुठूनही उजेड आला नाही.

"दार उघडंच होतं वाटतं," मागून प्रुएट म्हणाला. त्याच्या हातात टपाल होते. सगळे जाहिरातींचे कागद.

"फरशी खचलीय म्हणाला होतात."

"खचलीय. त्या कोपऱ्यात."

"हे कधी तयार केलंत?"

त्याने टोपी काढली, आत पाहिले, पुन्हा घातली. "पहिल्या मंगळवारी. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी. घोड्याला हात लावला तेव्हाच कळलं होतं कुठलं बसणार ते."

"आणि ती दोन?"

"ती बसणार नाहीत, हेही कळलं होतं."

लिओटाने खोगीर सरळ केले. मग तिने दोन्ही हात बैठकीवर दाबून धरले.

"माझ्या घोड्याची पाठ लावलीत तुम्ही पणाला. दोन कप कॉफीसाठी."

"पाठीला काही झालं नसतं. तुम्ही पहिल्या अर्ध्या मैलात उतरून हात घालणाऱ्या. दुसऱ्या कुणाला ते मी दिलंच नसतं."

"हे कौतुक समजू का मी?"

"नाही," प्रुएट म्हणाला. त्याने टपाल खिडकीत ठेवले. "नीट बसणारं खोगीर नेलेला माणूस परत येत नाही, मिसेस ब्रँडवोल्ड. पस्तीस वर्षं झाली दुकान काढून. एकही जण परत आला नाही. का यावं त्यानं? तक्रार नाही, तर काम काय?"

"शनिवारी गुरं उतरवायचीत. शनिवारी! तोवर नसतं सापडलं तर?"

"आज देणारच होतो."

"खरं?"

त्याने खिडकीतले टपाल सरळ केले. बाहेर वाऱ्याने पंपाचा जुना पत्रा वाजवला. लिओटाला वाटले, याने खोटे बोलावे, म्हणजे आपल्याला नीट रागावता येईल. पण तो तिथे तसाच उभा राहिला, चोरी पकडलेल्या पोरासारखा, आणि त्याच्या मिशीच्या एका टोकाला कॉफीचा थेंब होता.

"किंमत सांगा," ती म्हणाली.

"निम्मी द्या. झाला त्रास—"

"पूर्ण सांगा."

त्याने सांगितली. तिने चेक लिहिला. त्याने खोगीर उचलायला हात पुढे केला; तिने खोगिराच्या पुढच्या शिंगाला धरून ते स्वतःच उचलले आणि कमरेवर टेकवून बाहेर नेले. दारातून तो म्हणाला, "कॉफी गरम करतो, पाच मिनिटं लागतील." लिओटाने पिकअप चालू केली. दहा मैल गेल्यावर तिला आसनावरची मुरंब्याची बरणी दिसली. ती वळणावर हलत होती, म्हणून तिने ती एका हाताने धरून ठेवली आणि तशीच घरापर्यंत नेली.

शनिवारी पहाटे गार्थच्या आवारात बारा घोडे उभे होते. गार्थ प्रत्येकाशी दोन शब्द बोलत आला आणि डीकनजवळ थांबला. त्याने नमद्याखाली बोटे घातली.

"हे नवीन दिसतंय."

"जुनंच आहे. मला नवीन."

"म्हणजे पिकअप नको तुम्हाला?"

"तुझ्या मेव्हणीला दे. तिचा आवाज मोठा आहे, लांबूनच कळेल जेवण आलं ते."

गार्थ मोठ्याने हसला. मग त्याने तिला पश्चिमेची शेवटची घळ दिली. सर्वांत लांबची, कधीकाळी हार्लनला मिळणारी. ती घळ कोणावर मेहेरबानी म्हणून दिली जात नसे; तिथे गुरे लपून बसत आणि ती काढायला कसलेला घोडा लागे. लिओटाने फक्त मान हलवली.

घळीच्या तोंडाशी ट्रेलरमधून उतरल्यावर ती एकटी झाली. बाकीचे स्वार दोन दोन मैलांवर पांगले आणि थोड्या वेळाने कडांवरचे ठिपके झाले. मग तेही दिसेनासे झाले. याच दिवसासाठी ती तीन आठवडे झटली होती, आणि हा दिवस असाच असतो, हे तिला ठाऊक असूनही ती दर वर्षी विसरत असे. गुरे उतरवायला सगळे मिळून जातात, आणि मग प्रत्येक जण आपापल्या घळीत दिवसभर एकटा असतो.

डीकन चढावर मोकळा चालला. उतारावर त्याने मान लांब केली आणि पाऊल न आखडता टाकले. जूनपासून तिने त्याला असे चालताना पाहिले नव्हते. खोगीर करकरले नाही, सरकले नाही. झुडपांतून एक गाय वासरासह निसटली तेव्हा तो आपणहून वळला, आणि लिओटा त्याच्याबरोबर वळली. तिला लगामाचा विचारही करावा लागला नाही. "बघितलंत?" ती मोठ्याने म्हणाली. ते तिने कोणाला विचारले, हे तिच्या ध्यानात आले तेव्हा ती घाईने गाईच्या मागे गेली.

दुपारी मेव्हणीचा आवाज वाऱ्यावर आला. लिओटाने सँडविच घोड्यावरूनच घेतले.

संध्याकाळी आवारात तिने खोगीर उतरवले. डीकनची पाठ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी ओली होती. तिने तळवा सगळीकडे फिरवला; कान जागचे हलले नाहीत. शेजारी आर्ट फॉसम कुंपणाला टेकून उभा होता.

"कुठून मिळवलंस गं हे?"

"प्रुएटकडून."

"अँसेल प्रुएट? अजून आहे तो?"

"आहे," लिओटा म्हणाली.

"मला वाटलं, केव्हाच गेला." आर्टने रिकिबीला हात लावून पाहिला. "कुठं दुरुस्ती लागणार असेल तर मलाही सांग, जाऊन येऊ कधीतरी."

लिओटाने तंगाचा पट्टा, शिवण, रिकिबींचे खिळे असे सगळे एकदा उलटसुलट तपासले. कुठेही काही सैल नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "कुठंच काही लागणार नाही."

फाटकावर गार्थ प्रत्येक घळीची गुरे वेगळी मोजून आत सोडत होता. पश्चिमेच्या घळीतून उतरलेली गुरे अठ्ठावन्न. मागे राहिलेले एकही नाही.