कुबिक यांचे उत्तर

“ती खुर्ची परत फिरलीय,” आर्डिस माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी मान वर केली. तिसऱ्या रांगेतली एमेट कुबिक यांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. एमेट जाऊन नऊ दिवस झाले होते. आमच्या विधानसभेत सदस्य वारला की त्याच्या टेबलावर काळे कापड आणि एक पांढरा गुलाब ठेवतात आणि अधिवेशन संपेपर्यंत तिथे कोणी बसत नाही. दारावरचा म्हातारा लायल रोज सकाळी ती खुर्ची सरळ करायचा आणि दुपारपर्यंत ती बाहेरच्या बर्फाकडे वळलेली असायची. एमेट हयातीत तसेच बसायचे.

“जमीन उतरती असेल,” मी म्हणालो.

“हो का? आणि इतकी वर्षं सपाट होती?”

आर्डिस हॉगन ही आमची नावे पुकारणारी क्लार्क. मतदानाला ती नाव पुकारायची, सदस्य ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायचा आणि ती नाव व उत्तर पुन्हा मोठ्याने म्हणायची, म्हणजे नंतर कोणाला शब्द फिरवता यायला नको. शेजारी बसून मी पेन्सिलीने खुणा करायचो. एकतीस वर्षांत तिने यादीकडे पाहिले नव्हते. चौसष्ट नावे तोंडपाठ, नजर थेट माणसाच्या तोंडावर. निवडणुकीनंतर नवी नावे ती नाताळच्या सुट्टीत इस्त्री करता करता पाठ करायची. तिची यादी एकदाही दुरुस्त करावी लागली नव्हती आणि हे ती कोणी न विचारताही सांगायची.

त्या बुधवारी रॉय टिबेट्स यांचा ठराव मतदानाला येणार होता. वॉशिंग्टनला जाणारे सिनेटर फार पूर्वी आमची विधानसभाच निवडायची. मग सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि लोक स्वतः मत देऊन त्यांना निवडू लागले. ती दुरुस्ती रद्द करा, अशी मागणी आमच्या राज्याने करावी, असे टिबेट्स यांचे म्हणणे होते.

“अध्यक्ष महाराज,” ते गरजले, “आपले सिनेटर इकडे येतात कधी? जत्रेत वासराबरोबर फोटो काढायला! आपण निवडले असते तर महिन्याला हजेरी द्यायला आले असते.”

“आणि पूर्वी ते कसे निवडले जायचे हो?” एमेट यांच्या शेजारच्या ग्रेटा लिंडाल उठून म्हणाल्या. “खाणवाल्यांनी पाकिटं वाटली की निवडले जायचे. माझे आजोबा आमदार होते, त्यांनाही यायचं पाकीट. लोकांच्या हातातलं मत काढून आपल्या खिशात घालायचं, आणि वर त्याला राज्याचा हक्क म्हणायचं?”

मधल्या सुट्टीत आम्ही तळघरातल्या कँटीनमध्ये राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा गोड रोल घेऊन बसलो. आर्डिसने रोल चिलीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

“एमेट माझा आमदार होता,” ती म्हणाली. “आमच्या काउंटीची पक्षसमिती शुक्रवारी त्याच्या जागी माणूस नेमणार. आणि ह्यांनी मतदान ठेवलंय आज. सगळ्या राज्याची नावं मी पुकारायची, आणि माझ्या वतीनं बोलणारं आत कोणी नाही.”

“तू कोणत्या बाजूची?”

“गप रे. क्लार्कला मत नसतं.” मग रोल खाली ठेवून म्हणाली, “एमेट ‘नाही’ म्हणाला असता.”

तीन वाजता पुकारा सुरू झाला. बाहेर इतका बर्फ पडत होता की खिडक्या नुसत्या पांढऱ्या दिसत होत्या. नावे एका लयीत चालली होती. क्रेमर, होय. आणि मग त्याच लयीत, सवयीने, आर्डिस म्हणाली, “कुबिक.”

छापील यादीतून ते नाव आठवड्यापूर्वीच काढले होते, पण ती यादी बघते कुठे! मी तिचा हात दाबणार, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खोकला आला. एमेट बोलण्याआधी खोकायचे तसा, कोरडा, दोनदा. मग अगदी साध्या आवाजात, “नाही.”

“कुबिक, नाही,” आर्डिस म्हणाली. “लिंडाल.”

ग्रेटा लिंडाल यांनी तोंडावर हात घेतला होता. त्यांचे उत्तर यायला फार वेळ लागला.

मोजणी झाली. बत्तीस होय, बत्तीस नाही. बरोबरी झाली की ठराव पडतो. टिबेट्स उभे राहिले. “अध्यक्ष महाराज, मेलेली माणसं कधीपासून मत द्यायला लागली? आणि द्यायचंच होतं तर माझ्या बाजूनं द्यायचं!” काही जण हसले, पण त्या खुर्चीकडे कोणी बघत नव्हते.

अध्यक्षांनी हातोडा ठेवला. “क्लार्कबाई, कुबिक यांच्या नावाला उत्तर आलं का?”

नियम मला पाठ होता, तिलाही. सदस्य नसलेल्या कोणाचे उत्तर आले असेल तर सगळा पुकारा रद्द, मतदान पुढच्या सोमवारी, तोवर तिच्या काउंटीचा नवा माणूस आलेला. क्लार्कची चूक असेल तर एक नाव खोडायचे आणि ठराव बत्तीस विरुद्ध एकतीस मंजूर.

तिने माईकवर हात ठेवला आणि माझ्याकडे वाकली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“तू ऐकलंस ना?”

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप होतो. ‘ऐकलं’ म्हटले तर अध्यक्ष पुढे मलाच विचारणार आणि मेलेल्या माणसाचा आवाज ऐकल्याची साक्ष मी सभागृहासमोर देणार. आणि खरे सांगायचे तर मी घाबरलो होतो. खुर्ची आता आमच्याकडे वळलेली होती.

“नाही,” मी म्हणालो.

तिने माईकवरचा हात काढला. मग सरळ बसली.

“क्लार्कची चूक, अध्यक्ष महाराज,” ती म्हणाली. “मला... मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं असेल.”

पुकारा चालू असताना समासात लिहिलेले ते नाव मीच खोडले. ठराव मंजूर झाला. संध्याकाळी निघताना लायलने मला विचारले की आज दुपारी कोणाला खोकला झाला होता. मला माहीत नाही, असे मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी आर्डिस चष्मा लावून आली. तिने यादी समोर ठेवली आणि एकेका नावाखाली बोट ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखी, ती पुकारू लागली. निवृत्त होईपर्यंत ती तशीच पुकारत राहिली. एकतीस वर्षांचा अभिमान मी एका शब्दात घालवला होता, आणि मीही तो आवाज ऐकला होता, हे तिला मी कधी सांगितले नाही.

फक्त त्या अधिवेशनात क्रेमर यांच्यानंतर तिचे बोट थांबायचे. एक नाव पुकारायला आणि त्याचे उत्तर यायला लागतो, तितका वेळ. तिला घाई करा, असे कोणी म्हणाले नाही, टिबेट्ससुद्धा. मी पेन्सिल वर धरून थांबायचो.

मग ती म्हणायची, “लिंडाल.”