बंद लिफ्ट आणि दोरीच्या उड्या

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी कबूल करतो. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो मी. गिऱ्हाईक तिसऱ्यांदा फ्रेम बदलायला आलं की काचेआधी मलाच तडा जातो. पण बिल्डिंगच्या सेक्रेटरीची कॉलर धरली, ती काही उगाच नाही. लिफ्ट बंद पडून कित्येक महिने झाले होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आईचे गुडघे कामातून गेलेले. तिची जिवाभावाची मैत्रीण तळमजल्यावर. ती खाली बाकावर बसून वर बघायची, आई खिडकीतून खाली बघायची आणि दोघी फोनवर बोलायच्या. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सेक्रेटरी स्वतः पहिल्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली. टुणटुण जिना चढणारा गडी. त्याला लिफ्टचं काय सोयरसुतक! विचारलं की एकच उत्तर, "प्रक्रिया चालू आहे."

कॉलर प्रकरणानंतर शेजारी मध्ये पडले. प्रकरण पोलिसांत नेण्याऐवजी मी बॉक्सिंगच्या क्लबात जावं, असं ठरलं. तिथला कोच काडीपैलवान. मी हातमोजे मागितले तर त्याने हातात दोरी दिली आणि उड्या मारायला लावल्या. धाप लागायची, शिव्या सुचेनाशा व्हायच्या. पण खोटं कशाला बोलू, राग खरंच उतरला. झोप लागायला लागली. दुकानाचा मालक मला बघून स्क्रू-ड्रायव्हर लपवायचा, तेही बंद झालं.

मग मी सेक्रेटरीकडे गेलो आणि हात जोडून लिफ्टचं विचारलं. तो भारावलाच. केवढा बदल, केवढा बदल, म्हणाला आणि दार लावून घेतलं. पुढच्या मीटिंगमध्ये माझा सत्कार झाला. रागावर विजय मिळवल्याबद्दल पुष्पगुच्छ, वर अभिनंदनाचा ठराव, खाली सेक्रेटरीची सही. हा क्षण बघायला मातोश्री हव्या होत्या, असं तो भाषणात म्हणाला. मातोश्री लिफ्टअभावी वर अडकल्या होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लाजेकाजेस्तव मीही वाजवल्या.

आईने फुलं बादलीत ठेवली. म्हणाली, "तू ओरडायचास ना, तेव्हा निदान कुणीतरी माझ्या बाजूने आहे असं वाटायचं."

दुसऱ्या दिवशी कोचला सगळं सांगितलं आणि तुमची शिस्त घाला चुलीत, असं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "राग मारून टाक असं कोण म्हणालं? त्याला कामाला लाव. उद्यापासून पहाटे घरीही दोरी. एक दिवस चुकवायचा नाही."

पहाटे मी बैठकीतल्या खुर्च्या बाजूला सारल्या. आई उठून बघत बसली होती.

"तिथे नको," ती म्हणाली. "जरा खिडकीकडे सरक. सेक्रेटरीचा पलंग खाली बरोबर तिथे आहे."

मी सरकलो. रोज सरकत राहिलो. आठवडाभरात सेक्रेटरी वर आला, डोळे लालबुंद, केस पिंजारलेले. हे कधी थांबणार, म्हणून विचारू लागला. मी घाम पुसला, त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काय करणार साहेब," मी म्हणालो, "प्रक्रिया चालू आहे."

त्याचा हात माझ्या कॉलरकडे आला. मी हललो नाही, नुसता श्वास घेत राहिलो. हात आपोआप खाली गेला. तक्रार तरी कुठे करणार बिचारा? माझ्या शिस्तीच्या कौतुकाखाली त्याचीच सही होती.

दोन दिवसांत लिफ्ट सुरू झाली. आई चांगले कपडे घालून, पर्स घेऊन खाली उतरली. बाकावर दोघी हातात हात घालून बसल्या, आईचा फोन पर्समध्येच राहिला. मला उगाच चष्मा पुसावासा वाटला.

तेवढ्यात सेक्रेटरी समोरून गेला. खांद्यावर नवे कोरे हातमोजे, चाल तणतणती, रस्ता क्लबाचा.

"हा कुणावर एवढा चिडलाय?" आईने विचारलं.

"माझ्यावर."

"मग जाऊ दे, तब्येत सुधारेल," आई म्हणाली. "तू मात्र दोरी ठेवून देऊ नकोस. पाण्याची टाकीपण गळतेय."