टोपणनावाची कादंबरी

प्रयोगशाळेत बियांच्या मॅडमनी चिमट्याने ओल्या कागदावरची एक बी उचलली, मोड आलाय का ते पाहिलं, तोच विभागप्रमुख दार न वाजवता आत आले. हातात कादंबरी होती.

"हे वाच. शास्त्रज्ञांची प्रेमकथा आहे. मी दोन दिवसांत संपवली."

मॅडमनी चिमटा बशीच्या कडेला टेकवला. मुखपृष्ठावरचं टोपणनाव त्यांचंच होतं, आणि ते प्रकाशकाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कशी वाटली, सर?"

अकरा वर्षांपूर्वी त्या याच माणसाला अरे-तुरे करत. दोघं एका टेबलावर काम करायचे, लग्न ठरल्यातच जमा होतं. मग वडिलांच्या आजारपणात मॅडम दोन महिने घरी राहिल्या. परतल्या, तेव्हा त्यांच्या चार वर्षांच्या कामावरचा शोधनिबंध त्याच्या एकट्याच्या नावाने छापून आला होता. "तुझ्यात चिकाटी आहे गं, पण झेप नाही," एवढंच तो म्हणाला. पाठोपाठ दुसरीशी ठरलेल्या त्याच्या लग्नाची पत्रिका आली. मॅडम लग्नाला गेल्या, पोटभर जेवल्या आणि मनाशी खूणगाठ बांधून परतल्या.

कादंबरीत त्यांनी काहीही हातचं राखलं नव्हतं. त्यातला चोर पेनाचं टोपण चावतो, खोटं बोलताना चष्मा पुसतो, आणि चिकाटीचं ते वाक्य तर जसंच्या तसं. नायक तेवढा मनाने रचलेला. शेवटी नायिका भर सभेत त्याचं पितळ उघडं पाडते आणि ताठ मानेने निघून जाते.

"झकास," विभागप्रमुख टोपण चावत म्हणाले. "नायक तर इतका खरा वाटतो, की या बाईने मला कुठे पाहिलंय की काय."

"आणि तो चोर?"

"असतात अशी माणसं. वरच्या मजल्यावरच दोन आहेत."

त्यांनी चष्मा पुसला नाही. म्हणजे अगदी मनापासून बोलत होते.

"पण आधी बायकोला देतो वाचायला, मग तुला," म्हणून ते गेले. पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवशी मॅडमनी एकाच बशीतले मोड तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

आठवड्याने दुपारी त्यांची बायको आली. ती शाळेत गणित शिकवायची. बाहीला अजून खडू लागलेला होता. तिने जड पिशवी खुर्चीवर ठेवली.

"कादंबरी तुम्ही लिहिलीत."

"कशावरून?"

"मुख्याध्यापिकेची जागा चालून आली होती मला. ती नाकारायला लावताना त्यांनी हेच ऐकवलं होतं. चिकाटी आहे, झेप नाही. शब्दाला शब्द. आणि चोराची बायको उठल्यासुटल्या 'अहो, ऐकलंत का' म्हणते. मी असं कधीच म्हणत नाही."

मॅडमचे कान तापले. या बाईला त्यांनी दोनच ओळी दिल्या होत्या, त्याही लाडेलाडे बोलणाऱ्या.

"चुकलंच माझं."

"ते राहू द्या. एकच विचारायचंय. भर सभेत सुनावून ती निघून जाते. दुसऱ्या दिवशी काय करते?"

खोटं सांगणं सोपं होतं. मॅडमनी चिमटा उचलला, परत ठेवला.

"तसं काही झालंच नाही. मी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले आणि त्याच्या बियांना पाणी घातलं."

शिक्षिकेने पिशवीतून चार जाड वह्या काढून टेबलावर ठेवल्या. वरच्या वहीचा कोपरा कुरतडलेला होता. मॅडमनी ती उघडली. तारखा, मोडांचे आकडे, समासातली बारीक टिपणं. सगळं त्यांच्याच अक्षरात.

"या हरवल्या म्हणाला होता तो."

"माळ्यावर होत्या. माझं सामान खाली काढताना सापडल्या." शिक्षिकेने घड्याळात पाहिलं. "कुलगुरूंचं ऑफिस पाचला बंद होतं. या कुठे सापडल्या ते मी सांगेन."

मॅडमनी अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि वह्या उचलून छातीशी धरल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "पण आधी बोलणार मी."