रंभाच्या फोनमधलं अतिमोठं अक्षर

मी 'अतिमोठे' बोलतोय. दचकू नका, आवाज नाही, माझं अक्षर मोठं. होतं, म्हणा. निरोप पाठवायच्या एका ॲपात अक्षरांचे आकार निवडायची यादी होती. लहान, मध्यम, मोठे, आणि सगळ्यात खाली मी. मला निवडलं की एका ओळीत जेमतेम दोन शब्द मावायचे. तरणी पोरं मला चुकून दाबायची आणि "अरे, हे काय!" म्हणून लगेच पळ काढायची.

मला मनापासून धरून ठेवलं ते धसईजवळच्या रंभाने. तिचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याला चष्मा लावूनही धूसरच. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. तिच्या लेकीने, कुणालीने, चुलीतल्या कोळशाने ओट्यावर वीतभर अक्षरं काढून तिला वाचायला शिकवलं, तेही गुपचूप. "या वयात शिकते म्हनून लोक हसतील गो," असं रंभाचं म्हणणं. मुलगा शेखर, त्यालाही पत्ता नाही.

कुणाली लग्न होऊन शहापूरकडे निघाली, तेव्हा तिने आईच्या फोनात मला निवडलं. "आई, ही बघ आपली ओट्यावरची अक्षरं. मी लिवीन, तू वाच. वाचलंस की एक फूल पाठव." रंभाला लिहिता येत नव्हतं. ते चित्रातलं लाल फूल हेच तिचं उत्तर.

रोज दुपारी भांडी आवरली की ती पडवीत बसायची आणि ओठ हलवत माझ्यावरून बोट फिरवायची. कुणाली आधी बरं बरं लिहायची. मग एक दिवस आलं, "आई, यांनी काल हात उचलला. दादाला सांगू नको. तो भांडायला येईल, मग मला इथं जगू देनार नाय. फोन पन करू नको, सगळे ऐकतात." रंभाने पदर तोंडात कोंबला. बऱ्याच वेळाने तिने फूल पाठवलं. एवढं दुःख त्या घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

तिकडे कुठल्याशा कचेरीत ठरलं की ॲपचं हे रूप जुनाट दिसतं, शेवटचा आकार फारसं कुणी वापरत नाही, काढून टाका. वापरणारे किती ते मोजलं. कोण, ते विचारलं नाही मेल्यांनी! एका सकाळी ॲप आपोआप नवं झालं आणि यादीतून माझं नाव गेलं. मी आत एका कोपऱ्यात पडून राहिलो, अडगळीतल्या सामानासारखा. मला सगळं दिसतं, पण काही करता येत नाही.

रंभाने फोन उघडला, तर नुसत्या मुंग्या. तिने दोन बोटांनी ताणून पाहिलं. फोटो मोठे होतात तसं, पण अक्षरं हलेनात. शेवटी शेखरकडे गेली. "अक्षरं बारीक झाली रे."

"तुला अक्षरांशी काय करायचंय? फोटो दिसतात ना?" तो हसला. "आन इकडं, कुनालीचं आहे का? मी वाचून दाखवतो."

रंभाने फोन झटकन मागे ओढला. "नको. काय नाय त्यात."

लेकीला दिलेला शब्द तिने पाळला. माझा जीव तुटत होता.

गुरुवारी निरोप आला. "आई, आता सहन होत नाय. एकटीला निघायचा धीर होत नाय. शनिवारी सकाळी शहापूरच्या स्टँडवर मला न्यायला ये. येनार असशील तर फूल पाठव."

रंभाने फोन डोळ्याला चिकटवला, उन्हात धरला, चष्मा पुसला. मग पुटपुटली, "फूल नाय गेलं तर पोरगी घाबरंल." आणि तिने फूल पाठवलं.

आज शनिवार. रंभा वालाच्या शेंगा घेऊन धसईच्या बाजारात बसलीय. फोन तिच्या कमरेला आहे आणि मी त्यात. बाजारातल्या माणसांनो, मला परत यादीत घेऊ नका हवं तर. पण शेंगा घेता घेता कुणीतरी या बाईला हळूच, तिच्या एकटीच्या कानात वाचून दाखवा हो!

आत्ताच फोनवर निरोप वाजला. "आई, मी स्टँडवर आहे. कुठवर आलीस?"

रंभाने पाहिलं, निरोपाशेजारी लेकीचा फोटो. लेकीला आपली आठवण आली म्हणून तिला बरं वाटलं. तिने पदराला हात पुसले आणि फूल पाठवलं.