डिसेंबरमधला ठसा

आर्डिथनं तक्रारीचा कागद मर्लच्या ताटाशेजारी आपटला.

"जेवण तरी होऊ दे," मर्ल म्हणाला. "सकाळी सहापासून पोटात काही नाही."

"जेव ना. जेवता जेवता वाच."

मर्ल ऑस्ट्रँडर काउंटीच्या जत्रेतल्या गुरांच्या विभागाचा प्रमुख. गेली बावीस वर्षं लोकांची भांडणं मिटवून मिटवून त्याच्या चेहऱ्यावर कायमचा थकवा बसला होता. त्यानं बोटं पुसली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि कागद वाचला. सकाळी पहिला आलेला खोंड हा डिसेंबरमध्ये नोंदवलेला खोंड नाही, तो मधल्या काळात बदललेला आहे, सबब नाकाचे ठसे तपासावेत. खाली सही, तारीख, वेळ. सगळं ठसठशीत अक्षरात.

"हॅवरकँपच्या पोरीचा?" मर्लनं आवाज खाली आणला. "आर्डिथ, आपण बसलोय तो मंडप त्या माणसानं दिलाय."

"मंडप दिला म्हणून बक्षीस पण घरी नेणार का?"

"पण पुरावा काय?"

"तू डिसेंबरात वजनाला होतास ना? कसलं वासरू आणलं होतं त्यांनी? पायाच्या काड्या, पाठीला बाक. आणि आज चौदाशे पौंडांचा डोंगर उभा केलाय. पंचानं त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा मला वाटलं, आता मी इथेच काहीतरी बोलून बसणार. कसंबसं गिळलं."

हे खरं होतं. रिंगणात दोन पोरी आपापले काळे खोंड घेऊन शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि पंच उगाच वेळ काढत या खोंडाकडून त्या खोंडाकडे फिरत होता. शेवटी थाप पडली ती चौदा वर्षांच्या जोएल हॅवरकँपच्या खोंडावर. रेने, आर्डिथची भाची, अठरा वर्षांची, दुसरी. रेनेचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. आणि पहिल्या-दुसऱ्यात नुसत्या फितीच्या रंगाचा फरक असता तर आर्डिथ गप्पही बसली असती. संध्याकाळी सहाला लिलाव होता. गेल्या वर्षी पहिला खोंड गावातल्या बँकेनं, पोरांच्या शिक्षणाला हातभार म्हणून, बावीस हजार डॉलरला घेतला, दुसऱ्याला मिळाले पाच. बावीस हजारांत रेनेचं गुरांच्या डॉक्टरकीचं पहिलं वर्ष निघत होतं. पाचमध्ये काय निघतं? काही नाही.

आर्डिथनं स्वतः एकतीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली होती. गाई धरल्या, सुया भरल्या, मध्येच अडलेली वासरं कोपरापर्यंत हात घालून ओढली आणि बिलावर सही मात्र कुठल्यातरी कालच्या पोराची, कारण तो डॉक्टर. रेनेच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही, हे तिनं पोरगी सात वर्षांची असतानाच ठरवून टाकलं होतं.

"बरं," मर्ल म्हणाला. "दोन वाजता, धुण्याच्या शेडमागे. पण नियम माहीत आहे ना? दोन्ही तपासायचे. पहिला आणि दुसरा."

"मला नियम सांगतोस? लिहिला कोणी?"

नियम तिनंच लिहिला होता. एकट्याला बाजूला काढलं म्हणून कुणी ओरडायला नको, असं तिनंच बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. पोरांनी मांसासाठी वाढवायला घेतलेल्या प्रत्येक खोंडाच्या नाकाचा ठसा डिसेंबरात घ्यायचा, म्हणजे ऑगस्टात भलताच आणून उभा करता येत नाही. माणसाच्या अंगठ्यासारखं असतं ते, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. एकोणीस वर्षं सगळे ठसे तिच्याच हातचे.

*

गोठ्यात गेली तर रेने खोंडाच्या मागच्या पायाचे केस विंचरून वर उभे करत होती. तिचा बाप ड्वेन उलट्या बादलीवर बसून कोलाचे, जॅम भरलेला गोड पाव, खात होता, आर्डिथला पाहून त्यानं अर्धा कोलाचे कागदात गुंडाळला.

"दिला कागद," आर्डिथ म्हणाली.

"कसला?"

"तक्रारीचा. दोन वाजता ठसे घेणार."

ड्वेन उठला. "ताई, अगं विचारायचंस तरी."

"कुणाला? तुला? तू काय म्हणाला असतास ते मला इथून ऐकू येतंय. जाऊ दे. जन्मभर तेच म्हणत आलास. बापाचं कुरण शेजाऱ्यानं चार फूट खाल्लं, जाऊ दे. दुधाचा भाव पाडला, जाऊ दे. आता तुझ्या डोळ्यांदेखत पोरीच्या हातातलं ओढून नेतायत, तरी जाऊ दे."

"दुसरी आली ना. वाईट आहे का? मागे घे तो कागद. मर्ल ऐकेल तुझं."

"त्या हॅवरकँपच्या खोंडाला एसी आहे, ठाऊक आहे ना तुला? एसी. तुझ्या बायकोला शेवटच्या उन्हाळ्यात पंखा होता फक्त."

ते बोलायला नको होतं. पण आर्डिथला राग आला की मधे थांबायची सोय नव्हती. ड्वेननं टोपी काढली, परत घातली.

"आत्या," रेने न वळता म्हणाली, "मला दुसरा नंबर चालतो. खरंच."

"तुला चालतो. मला नाही चालत."

आर्डिथनं खिशातून पेपरमिंटची गोळी काढली, कागद सोडवला आणि तळहात खोंडापुढे धरला. डिसेंबरात याच बिस्किटानं तिच्या खिशात तोंड घालून कागदासकट गोळी खाल्ली होती. काळं वासरू, म्हणून रेनेनं नाव ठेवलं बिस्किट. करपलेलं आहे म्हणाली होती. आता खोंडानं हात हुंगला, फुर्रकन नाक शिंकरलं आणि मान फिरवली.

"शिंगं नाहीत तरी शिष्टपणा बघा. उन्हाळाभर ओळख देत नाही मला."

"मोठा झाला," ड्वेन म्हणाला.

"ए, सरक," रेने खोंडाला म्हणाली आणि दुसऱ्या बाजूला गेली. आधी दिवसभर बिस्किट, बिस्किट चालायचं तिचं. आता नुसतं ए. पोरं असं करतात. लिलावानंतर ट्रक येणार, हे ठाऊक असतं, मग आधीच मन घट्ट करतात. आर्डिथनं गोळी स्वतःच्या तोंडात टाकली.

*

दोन वाजता शेडमागे सहा माणसं होती. मर्ल, हातात जाडी वही. केंट हॅवरकँप, इस्त्रीचा शर्ट, खताच्या दुकानाचं नाव खिशावर शिवलेलं. त्याची जोएल, आपल्या खोंडाची म्होरकी धरून. ड्वेन आणि रेने भिंतीला टेकून, त्यांचा खोंड मागे खांबाला बांधलेला. आर्डिथनं पत्र्याची पेटी उघडली, डिसेंबरची दोन कार्डं काढली, शाईचा पॅड ठेवला, भिंग ठेवलं.

"आर्डिथबाई," केंट म्हणाला, "हे तुम्ही बरं करत नाही आहात."

"मग बरं नसलेलं आधी कोणी केलं ते आता कळेलच."

ती जोएलजवळ गेली. पोरगी रडून लाल झाली होती. म्होरकी धरलेले हात साबणाच्या पाण्यानं फाटले होते, बोटांच्या सांध्यांवर चिरा. आर्डिथनं ते हात पाहिले आणि नजर काढून घेतली.

"घाबरू नकोस, पोरी," ती केंटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "खोटं तू केलेलं नसणार. केलं असेल ते बापानं."

भिंतीशी ड्वेन खोकला.

जोएलनं खोंडाच्या हनुवटीखाली नुसतं बोटानं खाजवलं आणि एवढं मोठं धूड पुतळ्यासारखं उभं राहिलं. आर्डिथनं फडक्यानं नाक कोरडं केलं. ते पुन्हा पाझरलं, तिनं पुन्हा पुसलं. शाई लावली, कार्ड खालून वर फिरवलं. पहिला ठसा फिसकटला, दुसरा नीट आला. उजेडात नेऊन तिनं जुन्याशेजारी ठेवला आणि भिंग धरलं.

मधली रेघ. रेघेच्या डाव्या हाताला गळासारखा वाकलेला फाटा. जुन्यात गळ होता. नव्यातही होता. तिनं भिंग बाजूला केलं, पदर नसलेल्या बाईला जसं काहीतरी चाळवावं लागतं तसा चष्म्याचा दोरा चाळवला आणि पुन्हा पाहिलं. गळ तिथेच. त्याच्याखालचे तीन दाणेसुद्धा.

"जुळतो," ती म्हणाली.

"मोठ्यानं बोल," मर्ल म्हणाला. "मला लिहायचंय."

"जुळतो म्हटलं ना."

जोएलनं खोंडाच्या मानेत तोंड खुपसलं. केंटनं मोठा श्वास सोडला. त्यानं टोमणा मारला असता तर आर्डिथला सोपं गेलं असतं, पण तो मारत नव्हता.

"संपलं मग," ड्वेन भिंतीपासून पुढे आला. "तक्रार पहिल्याची होती. पहिला जुळला. चला."

"दुसरा राहिलाय," आर्डिथ म्हणाली.

"आमची काही हरकत नाही," केंट म्हणाला. "सोडून द्या ना, आर्डिथबाई. रेनेबद्दल कुणालाच शंका नाही. पोरीनं मेहनत केलीय, आम्ही बघितलीय."

"बघ, तेसुद्धा म्हणतायत," ड्वेन घाईनं म्हणाला.

आर्डिथच्या कानशिलांतून आग निघाली. चूक तिची, आणि वर सूट द्यायला हा इस्त्रीवाला.

"मला कुणाची मेहेरबानी नको. नियम म्हणजे नियम. रेने, आण त्याला."

रेनेनं बापाकडे पाहिलं नाही. तिनं दावं सोडलं आणि खोंड घेऊन आली. आर्डिथनं नाक पुसलं, शाई लावली, कार्ड फिरवलं. पहिल्याच फटक्याला स्वच्छ ठसा. ती तो जुन्याशेजारी ठेवायला वाकली आणि तशीच राहिली.

भिंग उचलावं लागलं नाही. बिस्किटच्या ठशात मधली रेघ वर जाऊन दुभंगत होती, हरणाच्या शिंगांसारखी. डिसेंबरात तिनं ती रेनेला दाखवलीसुद्धा होती. या नव्या ठशात रेघ सरळ, वरपर्यंत.

कानातला बिल्ला तोच होता. बिल्ला काय, पकडीनं काढता येतो आणि दुसऱ्या कानात बसवता येतो.

"काय लिहू?" मर्लनं विचारलं. तिच्या खांद्यावरून वाकून त्यानं दोन्ही कार्डांकडे पाहिलं. "मला मेलं सगळं सारखंच दिसतं. तू सांगशील ते."

केंट फोन बघत होता. जोएल आपल्या खोंडाला घेऊन निघाली होती. एक शब्द पुरला असता, आत्ताच तोंडातून गेलेला. ड्वेन सांडपाण्याच्या जाळीकडे बघत उभा होता. लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा, आणि आर्डिथ त्याच्या वतीनं आईशी भांडायची.

"रेने," आर्डिथ म्हणाली. "बिस्किट कधी गेला?"

केंटनं फोन खाली केला.

"जानेवारीत," रेने म्हणाली. "त्या मोठ्या थंडीत. पोट फुगलं. बाबांनी नळी घातली, पण उशीर झाला होता."

"मी चार मैलांवर होते. एकतीस वर्षं फुगलेली पोटंच सोडवली मी. फोन का नाही केलात?"

रेनेनं दावं मनगटाला गुंडाळलं.

"तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो, ताई?" ड्वेन जाळीकडे बघतच म्हणाला. "नोंदणी संपलेली. तू चर्चमध्ये, दवाखान्यात, किराणा दुकानात, भेटेल त्याला सांगत सुटली होतीस, यंदा आमची रेने पहिली. एकदा सांगायला म्हणून मी फोन लावला होता. तू पलीकडून ओरडायला लागलीस, खुराक बदलला का म्हणून. मग नाहीच बोललो."

"म्हणजे मी केलं हे?"

"तसं म्हटलं नाही मी."

"म्हटलंस." तिचा आवाज चढला. तो चढलेला तिला स्वतःला ऐकू आला, आणि रेनेचे खांदे आपोआप वर गेलेले दिसले, मार चुकवायला जातात तसे. आर्डिथनं तोंड मिटलं. या पोरीला तिनं कधी बोट लावलं नव्हतं.

मर्लचं पेन वहीवर थांबलं होतं.

"लिही," ती म्हणाली. "पहिला जुळतो. दुसरा जुळत नाही. सही मी करते." मग, शेडच्या तोंडाशी थांबलेल्या जोएलकडे वळून, "पोरी, मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले ना, तर संध्याकाळी रिंगणातही सगळ्यांसमोर सांगेन."

जोएलनं बापाकडे पाहिलं.

आर्डिथनं सही केली. फडकं बादलीत बुडवून पिळलं आणि खोंडाच्या नाकावरची शाई पुसायला लागली. लिलावातून तो आता बाद झाला होता. उद्या सकाळी बाकीच्यांबरोबर ट्रकमध्ये, पौंडाच्या भावानं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. गार पाणी बरं वाटलं असावं, त्यानं नाक पुढे केलं.

"ह्याचं नाव काय?" तिनं विचारलं.

"ठेवलंच नाही, आत्या," रेने म्हणाली. "ठेवलं असतं, तर तुझ्यासमोर तोंडातून गेलं असतं."