दोन लेखिका आणि साडेतीन किलोचा मी

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. वजन साडेतीन किलो, पाने चौदाशे बारा, बांधणी लाल कापडाची. ती लाल होती हे आता सांगावे लागते. माझ्या पहिल्या भागात आमच्या भाषेतले शब्द आणि त्यांचे परक्या भाषेतले अर्थ आहेत, दुसऱ्या भागात नेमके उलटे. कुठूनही शिरा, मी तुम्हाला पलीकडे पोचवतो. आत्मप्रौढी वाईट, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. तो शब्द माझ्यात एकाहत्तराव्या पानावर आहे. अर्थ वाचून पाहिला, मला त्यात काही वावगे दिसले नाही.

माझा जन्म सोपा नव्हता. एक प्राध्यापक आणि त्यांचे तीन सहायक बावीस वर्षे मला घडवत होते. त्यातली चार वर्षे त्यांचे आपसात बोलणे बंद होते. दोन मुलखांतल्या माणसांनी एकमेकांशी बोलावे म्हणून झटणारी ही मंडळी शेजारच्या टेबलावर चिठ्ठ्या पाठवून भांडत. काम मात्र चोख केले. पुढे एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकोणीस वर्षे उभा होतो. तेवढ्या काळात तिघांनी मला हात लावला. एक धूळ झटकत होता, एकाला माझ्यामागचे पुस्तक हवे होते आणि तिसऱ्याने माझ्यात एक फूल सुकत ठेवले. ते न्यायला तो आला नाही. काय बिनसले कोण जाणे.

मग ग्रंथालयात जागा पुरेना म्हणून जुनी पुस्तके वाटून टाकली आणि मला बाई घरी घेऊन आल्या.

बाई शाळेत शिकवत. विद्यार्थी, शेजारी, दूधवाला, सगळे त्यांना बाईच म्हणत. त्या कथा लिहीत आणि त्या छापूनही येत. वाचते कोण, असे त्या विचारत नसत. मला आणण्याचे कारण होते पाहुणी. ती दूरदेशाहून इथल्या कॉलेजात आपली भाषा शिकवायला आली होती आणि तिकडे तिच्या तीन कादंबऱ्या निघाल्या होत्या. दोघींची गाठ एका कथावाचनाला पडली. श्रोते नऊ, त्यातला एक पहारेकरी. बाईंना तिच्या भाषेतले दोनशे शब्द येत होते, तिला आमच्या भाषेतले दीडशे. एवढ्या भांडवलावर लोक संसार थाटतात, यांनी मैत्री केली.

दर रविवारी दुपारी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत आणि एकमेकींचे लिखाण आपापल्या भाषेत आणत. रीत ठरलेली होती. एकीने भाषांतर मोठ्याने वाचायचे. जिचे मूळ, तिने डोळे मिटून ऐकायचे आणि खटकले की बोट वर करायचे. पहिले वर्षभर बोट खाली येतच नसे. मग मला उघडायचे. डावीकडून एकीचे कोपर, उजवीकडून दुसरीचे, मधे मी. माझ्याइतका वाद क्वचितच कुणी अंगावर झेलला असेल.

बाईंच्या सासूबाई तिथेच वाटाणे सोलत बसत. पाहुणीला भाषा येत नाही म्हणजे तिला ऐकू येत नाही, अशी त्यांची समजूत होती. “पाहुणीबाई, चहा घेणार का, चहा?” हे त्या अशा आवाजात विचारत की वरच्या मजल्यावरून “नको” असे उत्तर येई.

पाच वर्षांत दोघी माझ्याकडे कमी कमी वळू लागल्या. सासूबाईंच्या तोंडी ‘पाहुणीबाई’चे ‘अगं’ झाले. पाहुणी ठेंगणी, टेबल उंच, म्हणून मला खुर्चीवर ठेवून ती माझ्यावर बसू लागली. पहिले काही रविवार मी मनातून खट्टू होतो. मग ध्यानात आले की माझ्या पोटातले बरेचसे आता या दोघींच्या डोक्यात गेले आहे. शब्दकोशाचे याहून भले काय व्हायचे? मी ताठ बसलो. म्हणजे, ताठ पडलो.

पुढे पाहुणी आपल्या देशी परतली. दोन वर्षांनी पोस्टाने तिची नवी कादंबरी आली, सोबत चिठ्ठी: ‘ही तूच तुझ्या भाषेत आण.’ बाईंनी कौतुकाने कामाला सुरुवात केली आणि एकसष्टाव्या पानावर बाईंना स्वतः बाईच भेटल्या.

तिथे एक शाळामास्तरीण होती. ती रोज म्हणे, मी कादंबरी लिहिणार. तिचे पहिले प्रकरण नऊ वर्षे चालले होते. दुसऱ्याचे वाक्य सुधारल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. घरात ठणठणीत आवाजाची सासू होती. वाटाणेसुद्धा होते.

बाईंनी मला दोन्ही हातांनी उघडले. त्या मास्तरणीला लावलेला एक शब्द त्यांना पक्का ठाऊक होता, त्याचा एखादा मवाळ अर्थ निघतो का, ते त्या पाहत होत्या. मी तीन अर्थ दिले. तिन्ही झोंबणारे होते. माझा नाइलाज होता. माझी पाने मोजलेली आहेत, खोट्याला जागा ठेवलेली नाही.

आता दोनच वाटा होत्या. पुस्तक परत पाठवून मैत्री मोडायची, किंवा आपली फजिती आपल्याच हाताने गावाला वाचायला द्यायची. प्रकाशकांनी घरी येऊन तिसरी सुचवली.

“बाई, थोडं मऊ करा की. मास्तरीण काढा, पोस्टातली कारकून घाला. तुमच्या पाहुणीला काय कळतंय?”

“तिला कळतं. मीच शिकवलंय.”

“मग नाही म्हणून मोकळ्या व्हा.”

“मग दुसरं कुणीतरी करेल. आणि वाईट करेल.”

हा अभिमान बोलत होता. त्याचा आवाज मला ओळखू येतो.

सासूबाईंनी ते प्रकरण बाईंकडून वाचून घेतले. “मी एवढ्या मोठ्यांदा बोलते?” त्यांनी विचारले. वरच्या मजल्यावरची खिडकी बंद झाली. “आणि ते नऊ वर्षांचं चुकलंय हं. आता अकरा झाली.”

बाई चार महिने भाषांतर करत होत्या. एकही बोचरा शब्द त्यांनी बोथट केला नाही, मी साक्षीदार आहे. प्रत्येकासाठी मला उघडले आणि जो जास्त लागेल तोच उचलला. पाहुणीची तीन पत्रे आली. ती न फोडता माझ्याखाली ठेवली गेली. भाषांतर इमानाने करायचे, बोलायचे मात्र नाही, असा बाईंचा हिशेब होता.

चौथे पत्र आले नाही, पाहुणीच आली. दार सासूबाईंनी उघडले. “ये गं. आवाज कमी केलाय मी,” त्या ओरडल्या.

बाईंनी ना ये म्हटले ना बस. एकसष्टाव्या पानाचे भाषांतर काढून वाचायला लागल्या. पाहुणीने डोळे मिटले. मास्तरीण झाली, सासू झाली, झोंबणारा शब्द येऊन गेला. बोट हलले नाही. प्रकरण संपले, आणि मग बोट वर गेले.

“काय खटकलं?” बाईंनी विचारले. कित्येक महिन्यांतले त्यांचे तिच्याशी हे पहिले बोलणे.

“शेवटचं वाक्य कुठंय?”

“कुठलं?”

“सोंग नको करूस. ‘मी तीन पुस्तकं लिहिली, पण तिच्या एका पानासारखं पान मला जमलं नाही.’ ते कुठंय?”

बाई आधीच सोललेले वाटाणे चाचपू लागल्या. “बरं दिसत नाही ते. आपली स्तुती आपणच छापायची?”

“निंदा छापलीस, ती बरी दिसली?”

“ती खरी होती.”

“मग हेही खरंच आहे. मी त्या पुस्तकात दोनच खऱ्या गोष्टी लिहिल्यात. तू एकच ठेवलीस.”

मित्रांनो, मी थक्क झालो. चौदाशे बारा पाने बाळगून मला याचा पत्ता नव्हता. कारण ‘मी’, ‘तीन’, ‘पान’, ‘जमलं’, हे शब्द बघायला मला कुणी उघडत नाही. अवघड शब्दांचा पहारा मी केला, आणि सोप्या शब्दांचे एक वाक्य माझ्या नाकाखालून गेले.

“लिही गं ते,” सासूबाई म्हणाल्या. “नाहीतर ती बोट खाली घेणार नाही.”

बाईंनी पानाच्या तळाशी ते वाक्य लिहिले.

“वाच,” पाहुणी म्हणाली.

बाईंनी वाचले. अर्धेच, तेही पुटपुटत.

“मोठ्यांदा.”

सासूबाईंनी पसंतीची मान हलवली. बाईंनी पुन्हा वाचले, या खेपेला सगळे. पाहुणीने बोट खाली घेतले आणि मग दोघी एकदमच बोलू लागल्या, कुठल्या भाषेत ते माझ्याही लक्षात राहिले नाही. मला कुणी विचारलेही नाही.

पुस्तक निघाले. शाळेत आठवडाभर हशा पिकला आणि पहिल्या प्रकरणाला अकरा वर्षे झाल्याचे सासूबाईंकडून गावभर झाल्यामुळे बाईंना दुसरे सुरू करावे लागले. ते गाळलेले वाक्य आता दोन्ही भाषांत छापलेले आहे. त्यात माझा एक शब्दही कामी आला नाही, तरी त्याचा मला माझ्या सगळ्या पानांहून अधिक अभिमान वाटतो.

तेव्हा मित्रांनो, मला कपाटात ठेवा, खुर्चीवर ठेवा, माझी तक्रार नाही. अधूनमधून धूळ तेवढी झटका. मैत्रिणीने तुमच्याविषयी लिहिले आणि झोंबले, तर अवघड शब्द खुशाल माझ्यात शोधा. सोपे शब्द मात्र तुमचे तुम्हीच वाचा, मोठ्याने वाचा, आणि लाजून त्यातला एकही गाळू नका.